एल-थ्री स्विचवर बीजीपी लावतोय, एक नेबर ‘ॲक्टिव्ह’मध्ये अडकलाय आणि दुसरा दर तीन मिनिटांनी पडतोय (ठाणे)

वागळे_नेटवर्क | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी वागळे इस्टेटमधल्या एका मध्यम कंपनीचं नेटवर्क बघतो. आतापर्यंत एकच लीज्ड लाईन होती, पण गेल्या पावसाळ्यात रस्ता खोदताना फायबर तुटली आणि जवळजवळ दोन दिवस अख्खं ऑफिस मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चाललं, त्यानंतर साहेबांनी दुसऱ्या कंपनीची लाईन मंजूर केली आणि आयआरआयएनएनकडून (भारतात आयपी पत्ते वाटणारी नोंदणी संस्था) स्वतःचा /२४ चा ब्लॉक (२५६ पत्ते, / पुढचा आकडा मोठा तेवढा तुकडा बारीक) आणि एएस नंबरही (इंटरनेटवर आमच्या नेटवर्कची ओळख) घेऊन दिला. राउटर मात्र या वर्षी नाही, आहे त्या ४८ पोर्टच्या एल-थ्री (राउटिंगही करणाऱ्या) स्विचवरच दोन्ही लाईनी घ्यायच्यात, फायरवॉल त्याच्या मागे आहे. बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना रूट सांगायचा प्रोटोकॉल) मी आतापर्यंत फक्त लॅबमध्ये केलंय.

खरे नंबर टाकत नाही, उदाहरणांसाठी राखून ठेवलेले पत्ते वापरतोय. आमचा एएस ६४५००, ब्लॉक १९८.५१.१००.०/२४. पहिला प्रोव्हायडर ६४४९६, दुसरा ६४४९७.

राउटर बीजीपी ६४५००
नेबर १९२.०.२.१ रिमोट-एएस ६४४९६
नेबर २०३.०.११३.१ रिमोट-एएस ६४४९७
नेटवर्क १९८.५१.१००.० मास्क २५५.२५५.२५५.०

एवढंच लिहिलंय. पहिला नेबर (प्रोव्हायडरकडचा राउटर) बुधवारपासून ‘ॲक्टिव्ह’ दाखवतोय. पिंग एकदम स्वच्छ जातं, प्रोव्हायडर म्हणतो आमच्याकडून सगळं ओके आहे. दुसरा एस्टॅब्लिश होतो आणि बरोबर तीन मिनिटांनी पडतो, परत उठतो, परत पडतो. दोन दिवस डोकं लावून झालंय, प्लीज कोणीतरी सांगा कुठून सुरुवात करू.

महापे_रात्रपाळी | शुक्रवार, रात्री १०:०५

आधी पहिल्याचं बघू, दोन्ही आजार वेगळे दिसतायत.

‘ॲक्टिव्ह’ या शब्दाने खूप जण फसतात, वाटतं की चालू आहे. बीजीपीमध्ये आयडल, कनेक्ट, ॲक्टिव्ह, ओपनसेंट, ओपनकन्फर्म आणि एस्टॅब्लिश्ड अशा सहा अवस्था, त्यातली कामाची फक्त शेवटची. ॲक्टिव्ह म्हणजे स्विच अजून टीसीपीचं कनेक्शन जुळायची वाट बघतोय, बीजीपीचं एक अक्षरही बोलून झालेलं नाही. त्यामुळे एएस नंबर चुकला का वगैरे आत्ता बघूच नका, तो मुद्दा ओपन मेसेज गेल्यावर येतो.

पिंग जातं हे चांगलं, पण पिंग आयसीएमपी आहे आणि बीजीपी टीसीपीच्या १७९ पोर्टवर बोलतं. स्विचवरूनच १९२.०.२.१ ला पोर्ट १७९ वर टेलनेट करा, सोर्स म्हणून तोच इंटरफेस द्या. लगेच ‘ओपन’ आलं तर वाट मोकळी आहे, नुसतं लटकत राहिलं तर मध्ये कोणीतरी पॅकेट खातंय. आणि त्या पोर्टवर एखादी ॲक्सेस लिस्ट (काय सोडायचं, काय अडवायचं याची यादी) लावलेली आहे का तेही इथे टाका.

घणसोली_७ | शुक्रवार, रात्री १०:१२

लायसन्सचं विचारणार होतो, कारण स्विचवर बीजीपी बहुतेक वेळा वरच्या लायसन्समध्ये असतं, सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९३०० ला नेटवर्क ॲडव्हांटेज लागतं, जुन्या ३७५० ला आयपी सर्व्हिसेस लागायचं. पण तुमच्या स्विचने कमांड घेतल्यात म्हणजे तो प्रश्न मिटला.

माझा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. प्रोव्हायडरकडून काय घेताय? फक्त डिफॉल्ट रूट (‘बाकी सगळं इकडे पाठवा’ अशी एकच ओळ) की फुल टेबल (जगभरचे सगळे रूट)? फॉर्मवर काय भरलं होतं ते शोधून ठेवा.

वागळे_नेटवर्क | शुक्रवार, रात्री १०:३८

टेलनेट लटकतंय! आणि ॲक्सेस लिस्ट सापडली, माझ्या आधीच्या माणसाने दोन वर्षांपूर्वी लावलेली, बाहेरून आत येणाऱ्यावर. त्यात आयसीएमपी सोडलंय, सर्व्हरच्या /२६ कडे जाणारं ४४३ सोडलंय, फायरवॉलच्या /२६ ला सगळं सोडलंय आणि शेवटी डिनाय एनी एनी. म्हणजे पिंग जाणार आणि १७९ मरणार, बरोबर ना? परमिट टीसीपी, होस्ट १९२.०.२.१ कडून होस्ट १९२.०.२.२ च्या १७९ ला, अशी ओळ टाकतो.

कोपरखैरणे_ताई | शुक्रवार, रात्री १०:५०

त्या एका ओळीवर थांबू नका, दोन ओळी लागतील. बीजीपीमध्ये दोघांपैकी कोणीही आधी फोन लावू शकतो. त्यांनी लावला तर पॅकेट तुमच्या १७९ वर येतं, तुमची ओळ त्याला पुरते. पण तुमच्या स्विचने लावला तर उत्तर त्यांच्या १७९ वरून तुमच्या कुठल्यातरी वरच्या पोर्टवर येतं, आणि ते तुमच्या डिनायमध्ये अडकेल. एकदा १७९ डेस्टिनेशन म्हणून सोडा, एकदा सोर्स म्हणून सोडा. आणि ‘एनी’ लिहू नका, नेबरचा पत्ता नेमका लिहा, जगाला तुमच्या १७९ वर दार ठोठावायला द्यायचं काही कारण नाही.

वागळे_नेटवर्क | शुक्रवार, रात्री ११:०२

ताई, दोन ओळी टाकल्या आणि दहा सेकंदांत एस्टॅब्लिश्ड!! दोन दिवस. खूप खूप आभार तुम्हा दोघांचे.

आता दुसरा. लॉगमध्ये दर वेळी हेच येतं: नेबर २०३.०.११३.१ ला नोटिफिकेशन पाठवलं, ४/०, होल्ड टाइम एक्स्पायर्ड. वर आलेला असतो तेव्हाही समरीमध्ये प्रिफिक्सचा, म्हणजे त्यांच्याकडून आलेल्या रूटचा, आकडा शून्यच.

महापे_रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११:२०

शून्य प्रिफिक्स आणि बरोबर १८० सेकंद हे दोन एकत्र आले की माझा पहिला संशय एमटीयूवर (वाटेत मावणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) जातो.

काय होतं बघा. कीपअलाइव्ह (‘मी जिवंत आहे’ सांगणारा) मेसेज फक्त १९ बाइटचा, ओपनही छोटाच, ते कुठूनही निसटून जातात म्हणून सेशन झोकात वर येतं. त्यानंतर समोरचा रूट पाठवायला लागतो, तो अपडेट टीसीपी भरगच्च पॅकेटमध्ये भरतं, आणि मधली वाट अरुंद असेल तर ते मोठं पॅकेट पडतं. टीसीपी तेच परत पाठवतं, परत पडतं. आणि टीसीपी एक रांग आहे, पुढचा हलल्याशिवाय मागचा हलत नाही, त्यामुळे त्या अडकलेल्या अपडेटच्या मागे त्यांचे कीपअलाइव्हही अडकतात. तुमचा स्विच १८० सेकंद वाट बघतो, काहीच येत नाही, तो बिचारा नियमाप्रमाणे सेशन तोडतो.

डीएफ बिट (‘पॅकेटचे तुकडे करू नका’ अशी खूण) लावून पिंग करा, साइज १५०० पासून खाली उतरत या, नेमका कुठला आकडा जातो ते सांगा.

वागळे_नेटवर्क | शुक्रवार, रात्री ११:४१

१५०० नाही. १४९० नाही. १४८० नाही. १४७० जातं. मग एकेक करून बघितलं, १४७६ जातं, १४७७ ला पाचपैकी पाच ठिपके.

महापे_रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११:४६

१५०० वजा १४७६ बरोबर २४. वीस बाइटचं आयपी हेडर आणि चारचं जीआरई, म्हणजे एका पॅकेटमध्ये दुसरं गुंडाळून नेणारा टनेल. तुमची दुसरी लाईन सरळ येत नाहीये, प्रोव्हायडर मध्ये कुठेतरी जीआरई टनेलमधून आणतोय आणि मोठ्या पॅकेटला ‘बारीक हो’ असं सांगणारा आयसीएमपी निरोप मध्येच कोणीतरी बंद केलाय. हा २४ चा आकडा त्यांना सांगा, मग ‘आमच्याकडून ओके आहे’ म्हणायला जागा उरणार नाही. टनेलखालचा एमटीयू वाढवायला सांगा किंवा टनेलवर एमएसएस (टीसीपी एका पॅकेटमध्ये किती डेटा भरतं तो आकडा) कमी करायला सांगा.

वागळे_नेटवर्क | शनिवार, रात्री १२:१०

तुमचं खरं निघालं. त्यांच्या एनओसीतला (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षातला) मुलगा म्हणाला लास्ट माईलची परवानगी अजून आलेली नाही म्हणून तात्पुरतं टनेलवर चालवतायत. सकाळी दहाला एमएसएस ठीक करून देतो म्हणाला.

आणि घणसोलीकर, फॉर्म सापडला, दोन्ही प्रोव्हायडरचे. पहिल्याला ‘डिफॉल्ट रूट’वर टिक आहे. दुसऱ्याला मी ‘फुल टेबल’वर टिक केली होती, वाटलं जास्त मिळतंय तर घेऊ.

घणसोली_७ | शनिवार, रात्री १२:१४

थांबा!! दहा वाजायच्या आत त्याला परत फोन करा. आत्ता ते अडकलेलं एमटीयूच तुमच्या स्विचला वाचवतंय.

फुल टेबल म्हणजे आयपीव्ही४ चे नऊ लाखांच्या वर रूट. स्विच पॅकेट पुढे ढकलतो ते चिपमधल्या टीकॅम नावाच्या मेमरीतून, आणि ऑफिसात वापरतो त्या स्विचमध्ये तिथे काही हजार, फार तर काही दहा हजार रूट मावतात. जुन्या ३७५० ला राउटिंगचं टेम्प्लेट लावूनही ११ हजारच युनिकास्ट रूट मावायचे. एमटीयू नीट झालं की पाच मिनिटांत ते सगळं टेबल धबाधबा येऊन पडेल, टीकॅम भरेल, उरलेलं सीपीयूवर जाईल नाहीतर सरळ पडेल, आणि त्याच स्विचवर तुमच्या ऑफिसचे व्हीलॅन (आतली वेगवेगळी नेटवर्क) आहेत हे विसरू नका. इंटरनेट राहू दे, प्रिंटरही चालणार नाही.

मोठ्या मोठ्या ठिकाणीही हे झालेलं आहे. १२ ऑगस्ट २०१४ ला जगाचं टेबल ५ लाख १२ हजारांच्या वर गेलं आणि ज्या जुन्या राउटरांची टीकॅमची मर्यादा तेवढीच ठेवलेली होती ते ठिकठिकाणी कोलमडले. ते राउटर होते, तुमचा तर स्विच आहे.

तीन गोष्टी करा. नेबर २०३.०.११३.१ आत्ता शटडाउन करून ठेवा. प्रोव्हायडरला लेखी मेल टाका की फक्त डिफॉल्ट पाठवा. आणि दोन्ही नेबरवर मॅक्सिमम-प्रिफिक्स १० लावा, रीस्टार्ट १५ सकट, म्हणजे त्यांनी चुकून जास्त पाठवलं तर सेशन स्वतःहून पडेल आणि पंधरा मिनिटांनी परत प्रयत्न करेल. आत येताना प्रिफिक्स-लिस्टही लावा, ०.०.०.०/० सोडून काही घ्यायचं नाही. सॉफ्ट-रिकॉन्फिगरेशन इनबाउंड लावायचा मोह टाळा, ते नाकारलेले रूटही मेमरीत जपून ठेवतं.

वागळे_नेटवर्क | शनिवार, रात्री १२:२५

शटडाउन केला. मेल टाकला. हात थरथरतायत खरं सांगतो. मी सकाळी ऑफिसला जाऊन आनंदाने ‘नो शट’ करून चहाला गेलो असतो.

कोपरखैरणे_ताई | शनिवार, सकाळी ७:३०

रात्रीचं आत्ता वाचलं. घणसोलींनी आत येणाऱ्याचं सांगितलं, मी बाहेर जाणाऱ्याचं सांगते, आणि हे सेशन वर आणायच्या आधी करायचं आहे, नंतर नाही. कालपासून आपण सगळे एस्टॅब्लिश्ड कधी होतं त्याच्या मागे आहोत, पण माझ्या मते बीजीपीत सेशन वर आणणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी काय घेणार आणि काय देणार हे लिहून काढायचं, फिल्टर लावायचे, मग नेबर उठवायचा. कारण हा प्रोटोकॉल तुम्ही जे सांगाल ते खरं धरतो.

तुमचे प्रोव्हायडर दोन. बाहेर जाताना फिल्टर नसेल तर एकाकडून शिकलेले रूट तुमचा स्विच दुसऱ्याला सांगतो, आणि सांगतो म्हणजे ‘तिकडे जायचंय तर माझ्यामार्फत जा’ असं आमंत्रण देतो. फक्त डिफॉल्ट घेताय म्हणून आज नुकसान कमी, पण उद्या कोणी अर्धवट टेबल मागितलं की तुमच्या छोट्या लाईनीतून परक्यांची ट्रॅफिक वाहायला लागेल.

अगदी तुमच्यासारखीच रचना होती ती. २४ जून २०१९, अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातली एक कंपनी, व्यवसाय धातूचा, इंटरनेट कंपनी नाहीच, दोन प्रोव्हायडर. एका प्रोव्हायडरच्या यंत्राने अंतर्गत वापरासाठी बारीक तुकडे केलेले रूट तिच्याकडे आले आणि तिने ते दुसऱ्याला म्हणजे व्हेरायझनला सांगितले, व्हेरायझनने न गाळता घेतले, आणि क्लाउडफ्लेअरसकट कितीतरी ठिकाणांची ट्रॅफिक त्या कंपनीच्या वाटेला लागून तुंबली. बारीक प्रिफिक्स नेहमी जिंकतो, तिथे रस्ता किती लांब हे कोणी बघतही नाही. २४ फेब्रुवारी २००८ ला युट्यूब जगभर बंद पडलं तेही यामुळेच, युट्यूबचा /२२ होता आणि पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं अडवायला केलेला /२४ वरच्या प्रोव्हायडरमार्फत बाहेर पडला.

मी स्वतः नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तुर्भ्याला असताना फिल्टरची ओळ ‘उद्या लावू’ म्हणून ठेवली होती आणि रात्री अडीचला एका ग्राहकाचे रूट भलतीकडे गेले. त्या रात्रीपासून मी कधीही आधी नेबर उठवलेला नाही.

तुमच्यासाठी बाहेरची प्रिफिक्स-लिस्ट एकाच ओळीची आहे: परमिट १९८.५१.१००.०/२४. बाकी सगळं आपोआप नाकारलं जातं. दोन्ही नेबरला आऊट दिशेने लावा. नवीन नियमाप्रमाणे, आरएफसी ८२१२, २०१७ चा, बाहेरच्या नेबरला पॉलिसी लिहिल्याशिवाय काही द्यायचंही नाही आणि घ्यायचंही नाही, एफआरआर (राउटिंगचं मोफत सॉफ्टवेअर) आता तसंच वागतं आणि समरीमध्ये आकड्याच्या जागी ‘पॉलिसी’ असं लिहून येतं. पण तुमच्या स्विचसारखे जुन्या वळणाचे बरेच सगळं देऊन टाकतात.

लावलंत की शो आयपी बीजीपी नेबर, पुढे पत्ता, पुढे ॲडव्हर्टाइज्ड-रूट्स. तिथे काय दिसतं ते टाका.

वागळे_नेटवर्क | शनिवार, सकाळी ११:१५

ताई, मनापासून आभार, हे मला लॅबमध्ये कोणी सांगितलंच नव्हतं. ऑफिसला आलोय. दोन्हीकडे इन आणि आऊट प्रिफिक्स-लिस्ट लावल्या, मॅक्सिमम-प्रिफिक्स लावलं. दुसऱ्या प्रोव्हायडरने एमएसएस केलं आणि डिफॉल्ट-ओन्ली केल्याचा मेलही आला, मग नो शट केलं. पस्तीस मिनिटं झाली, एकदाही पडलेला नाही, प्रिफिक्स १. पहिल्याकडूनही १.

पण ॲडव्हर्टाइज्ड-रूट्स दोन्हीकडे रिकामं! आमचा /२४ जातच नाहीये. नेटवर्कची ओळ तर पहिल्या दिवसापासून आहे.

महापे_रात्रपाळी | शनिवार, सकाळी ११:३२

तुमच्या राउटिंग टेबलमध्ये १९८.५१.१००.०/२४ असा नेमका रूट आहे का? नसणार, काल तुम्हीच दोन /२६ सांगितलेत. नेटवर्कची ओळ नवीन रूट तयार करत नाही, टेबलमध्ये अगदी त्याच मास्कचा असेल तोच उचलते.

एक स्टॅटिक टाका: आयपी रूट १९८.५१.१००.० २५५.२५५.२५५.० नल०, शेवटी डिस्टन्स २५४. नल म्हणजे कचराकुंडी, घाबरू नका, तुमच्या व्हीलॅनची पॅकेट तिथे जाणार नाहीत कारण /२६ जास्त नेमके आहेत, ते जिंकतात. उरलेल्या दोन न वापरलेल्या /२६ साठी जे बाहेरून येईल तेवढंच कुंडीत जाईल, आणि ते तसंच हवं, नाहीतर ते डिफॉल्टवरून परत प्रोव्हायडरकडे जाऊन टीटीएल संपेपर्यंत मागेपुढे नाचत राहतं. व्हीलॅन खालीवर झाला तरी तुमची जाहिरात हलत नाही हा आणखी एक फायदा.

वागळे_नेटवर्क | शनिवार, दुपारी १२:०५

गेला!! दोन्हीकडे एकच ओळ, आमचा /२४, बाकी काही नाही. लुकिंग ग्लासवरून (दुसऱ्यांच्या राउटरला काय दिसतं ते दाखवणारी साइट) बघितलं, बाहेर दिसतोय आमचा एएस. आरओए (हा ब्लॉक आमच्याच एएसने जाहीर करायचा अशी सही केलेली नोंद) आधीच केलेला होता, तो व्हॅलिड दाखवतोय.

आता शेवटचा प्रश्न. आत येणारी ट्रॅफिक निम्म्याहून जास्त दुसऱ्या लाईनवर येतेय, ती टनेलवाली आणि १०० एमबीपीएसची, पहिली ५०० ची आहे. पहिली मुख्य ठेवायचीय आणि दुसरी फक्त अडीनडीला.

कोपरखैरणे_ताई | शनिवार, दुपारी १२:४०

जाणारी ट्रॅफिक तुमच्या हातात आहे, येणारी दुसऱ्यांच्या हातात, तिथे फक्त विनंती करता येते.

जाणारीसाठी पहिल्या नेबरच्या डिफॉल्टला इन रूट-मॅपमध्ये लोकल-प्रेफरन्स २०० द्या, न सांगता तो १०० असतो, मोठा जिंकतो. येणारीसाठी दुसऱ्या नेबरला आऊट रूट-मॅपमध्ये एएस-पाथ प्रीपेंड ६४५०० ६४५०० ६४५००, म्हणजे तिकडचा रस्ता लांब दिसेल. मग क्लिअर करताना पुढे सॉफ्ट आऊट लिहायला विसरू नका, नुसतं क्लिअर केलंत तर सेशनच तुटेल.

तरी थोडी ट्रॅफिक दुसरीवर येतच राहील. प्रोव्हायडर आपल्या ग्राहकाकडून आलेल्या रूटला सहसा जास्त लोकल-प्रेफरन्स देतो आणि तो एएस-पाथच्या लांबीच्या आधी बघितला जातो, म्हणून त्यांचे बाकीचे ग्राहक तुमच्याकडे सरळच येतील, तुम्ही दहा वेळा प्रीपेंड केलंत तरी. तेही हलवायचं असेल तर त्यांच्याकडे बॅकअपची कम्युनिटी (‘हा रूट राखीव धरा’ असं सांगणारी, रूटला लावायची खूण) आहे का विचारा. ब्लॉकचे दोन /२५ करून युक्ती करायला जाऊ नका, /२४ पेक्षा बारीक बाहेर कोणी घेत नाही.

कळवा_खाडी | शनिवार, दुपारी २:१०

धागा वाचत होतो, एक विचारतो. प्रोव्हायडरची फायबर तुमच्या स्विचमध्ये थेट येते की मध्ये मीडिया कन्व्हर्टरचा डबा आहे?

वागळे_नेटवर्क | शनिवार, दुपारी २:१८

डबा आहे, दोन्हीकडे. फायबर डब्यात, डब्यातून कॅट-सिक्स केबल स्विचमध्ये.

कळवा_खाडी | शनिवार, दुपारी २:३०

मग हे नक्की करा. बाहेर फायबर तुटली तरी बऱ्याच साध्या डब्यांची तांब्याची बाजू चालूच राहते, स्विचचा दिवा हिरवाच. स्विचला वाटतं लिंक आहे, मग तो होल्ड टाइमची १८० सेकंदं त्याच मेलेल्या लाईनीत सगळं ओतत बसतो. आमच्याकडे टेस्ट करताना स्विचकडची केबल उपटून ‘एका सेकंदात पलटलं’ असं लिहून दिलं होतं, आणि खरी फायबर तुटली त्या दिवशी तीन मिनिटं फोनवर फोन. म्हणून टेस्ट करताना केबल नाही, डब्याच्या मागची फायबर काढा.

उपाय म्हणजे बीएफडी (लाईन मेली का ते झटकन ओळखणारा प्रोटोकॉल), पण त्याला प्रोव्हायडरचीही तयारी लागते. तोवर नेबरला टाइमर्स १० ३० लावा, दोघांत जो लहान होल्ड टाइम असेल तोच ठरतो त्यामुळे यासाठी त्यांची परवानगी लागत नाही, फक्त सेशन एकदा पाडून वर आणावं लागतं. फार खाली ३-९ वगैरे जाऊ नका, स्विचचा सीपीयू जरा गुंतला की उगाच सेशन पडतील.

वागळे_नेटवर्क | रविवार, संध्याकाळी ५:५०

आज ऑफिस रिकामं होतं, दुपारभर टेस्ट केली.

पहिल्यांदा टाइमर न बदलता पहिल्या डब्याची फायबर काढली. स्विचच्या पोर्टचा दिवा खरंच हिरवा, मी समोर उभा राहून बघत होतो, पिंग मेलेलं आणि दिवा टिमटिमतोय. घड्याळ लावलं होतं, २ मिनिटं ५१ सेकंदांनी सगळं दुसऱ्यावर गेलं. मग फायबर लावून टाइमर १० ३० केले, सेशन रीसेट केलं, परत काढली, २८ सेकंद. फायबर परत लावल्यावर आपोआप पहिल्यावर आलं. दुसऱ्या डब्यावरही तेच करून बघितलं. प्रीपेंडनंतर येणारी ट्रॅफिक बरीचशी पहिल्यावर आलीय, थोडी दुसऱ्यावर आहे ती ताईंनी सांगितल्याप्रमाणे. बीएफडीसाठी दोघांनाही मेल टाकलाय, पहिला हो म्हणालाय, मंगळवारी करणार.

दोन्ही डब्यांवर प्रोव्हायडरचं नाव, सर्किट नंबर आणि एनओसीचा फोन लिहून पट्टी चिकटवली, आणि ॲक्सेस लिस्टच्या त्या दोन ओळींवर रिमार्क टाकला की या बीजीपीसाठी आहेत, काढू नका.

कोपरखैरणे_ताई | रविवार, संध्याकाळी ६:२०

छान काम केलंत. कॉन्फिग सेव्ह केलंत ना? आणि एक प्रत स्विचच्या बाहेर?

वागळे_नेटवर्क | रविवार, संध्याकाळी ६:२४

सेव्ह केलं होतं, बाहेरची प्रत राहिली होती. आत्ता टीएफटीपी (फाइल ठेवायच्या) सर्व्हरवर टाकली आणि एक प्रिंट काढून रॅकच्या दाराला आतून लावली.